बंब येईपर्यंत

खेड्यात आग लागली की पहिली धाव बंबाची नसते, शेजाऱ्याची असते. एप्रिल-मेची दुपार, वारा सुटलेला, आणि कडब्याच्या गंजीने पेट घेतला की हाकाटी होते. पारावर, टपरीवर, लिंबाच्या सावलीत आडवी झालेली माणसं असतील तशी उठून पळत सुटतात. कुणाच्या हातात घागर, कुणाच्या हातात ओलं पोतं, कुणी नुसताच. त्यात एक जण हमखास असा असतो की जो गंजीकडे न जाता गोठ्यात शिरतो. त्याच्या हातात विळा असतो. दाव्यांच्या गाठी सोडत बसायला वेळ नसतो, दावी कापायची असतात. धुराने बावरलेलं जनावर दावं तुटलं तरी जागचं हलत नाही. शेपटी पिरगाळून, पाठीवर थाप मारून त्याला बाहेर हाकलावं लागतं. मग दुसरं दावं, मग तिसरं. बंब येतो तोवर गंजीची राख झालेली असते. बंब ती राख भिजवतो आणि पंचनामा होतो. किती कडबा गेला, किती शेळ्या गेल्या, वासे किती जळाले, हे सगळं कागदावर येतं. विळा घेऊन आत शिरलेल्याचं नाव त्या कागदात नसतं. दंडावरचे फोड बघून घरात त्याला बोलणी मात्र बसतात: लेकराबाळांचा काही विचार केला होता का?

केलेला असतो. म्हणूनच तो आत जातो, कारण दावणीला बांधलेलं जनावर हेच त्या लेकराबाळांच्या वह्यापुस्तकांचं आणि दवाखान्याचं भांडवल असतं. स्वतःचं असो की शेजाऱ्याचं, हिशोब तोच.

अग्निशमन सेवेचा इतिहास एखाद्या स्मरणिकेत लिहायचा तर रिवाजाप्रमाणे सुरुवात कायद्यापासून किंवा पहिल्या गाडीच्या खरेदीपासून व्हायला हवी. पण जालना जिल्ह्यात बसून लिहिणाऱ्याने विळेवाल्यापासून सुरुवात केली तर ती जास्त खरी. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतून वेगळा काढलेला हा जिल्हा. आठ तालुके, सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर क्षेत्र, हजाराच्या जवळपास गावं आणि २०११ च्या जनगणनेत साडेएकोणीस लाखांवर माणसं. जालन्याहून भोकरदनचा रस्ता पन्नास किलोमीटरहून जास्त आहे. मंठा, परतूर, जाफराबाद हेही जवळ नाहीत. तालुक्याच्या गावी बंब असला तरी तिथून शिवारातल्या वस्तीपर्यंतचा शेवटचा पल्ला पाणंदीचा असतो. काळ्या रानात पावसाळ्यात पायी चालणंही मुश्कील, तिथे पाण्याने भरलेली जड गाडी कशी जायची?

याच्या मुळाशी राज्यघटनेतलीही एक मजेशीर गोष्ट आहे. मजेशीर म्हणायचं ते आपलं बोलण्याच्या ओघात. ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली आणि तिच्यातल्या अठरा विषयांत 'अग्निशमन सेवा' हा विषय नगरपालिकांकडे सोपवला गेला. त्याच सुमारास ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली. तिच्यात एकोणतीस विषय आहेत. शेती आहे, कुक्कुटपालन आहे, चारा आहे, जळण आहे. जळणाचा उल्लेख आहे, पण ते पेटलं तर काय करायचं याचा नाही. शहराच्या हद्दीत आग विझवणं हे कुणाचं तरी काम आहे, आणि हद्दीबाहेर ते सगळ्यांचं म्हणजेच कुणाचंच नाही, अशी ही वाटणी. जालन्याची नगरपरिषद २०२३ मध्ये महानगरपालिका झाली, राज्यातली एकोणतिसावी. अंबड, परतूर, भोकरदन इथे नगरपरिषदा आहेत, बाकीच्या तालुक्यांच्या गावी नगरपंचायती आल्या. त्यांचे बंब माणुसकीने आणि प्रशासनाच्या सांगण्यावरून हद्दीबाहेर धावतात, हा त्यांचा मोठेपणा. पण बंब येईपर्यंतचा वेळ गावकऱ्यालाच निभावावा लागतो.

असं केवळ आपल्याकडेच आहे असं नाही. स्वखुशीने, पगाराविना आग विझवणाऱ्यांची परंपरा जगभर आहे आणि कित्येक देशांत ती अजून मुख्य आहे. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ मध्ये फिलाडेल्फियात शेजाऱ्यापाजाऱ्यांची अग्निशमन मंडळी उभी केली. त्या देशातले निम्म्याहून जास्त आग विझवणारे आजही स्वयंसेवक आहेत. जर्मनीत अशा स्वयंसेवकांची संख्या दहा लाखांच्या आसपास आहे. गावातला सुतार, शिक्षक, दूधवाला भोंगा वाजला की हातातलं काम टाकून ठाण्याकडे पळतो. दक्षिण अमेरिकेतल्या चिलीत तर १८५१ मध्ये वालपाराईसो बंदरात सुरू झालेली सगळी सेवाच स्वयंसेवकांची आहे. या स्वयंसेवकांना तिथे 'बोंबेरो' म्हणतात. 'बोंबा' म्हणजे पंप. पोर्तुगिजांच्या तोंडीही हाच शब्द होता आणि आपल्या 'बंबा'चं नातं त्याच्याशी सांगतात. न्हाणीघरात पाणी तापवणारा तांब्याचा बंब आणि आग विझवणारा बंब एकाच नावाचे कसे, या लहान मुलाच्या प्रश्नाचं उत्तर असं समुद्रापलीकडे सापडतं.

महाराष्ट्रातल्या या सेवेचं मूळ घर मुंबई. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या कोटात लागलेल्या आगीत वस्तीचा मोठा भाग बेचिराख झाला. त्याच वर्षीच्या २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ वेलस्लीची फौज आणि शिंदे-भोसले यांची फौज भिडली. असईची लढाई शाळेतल्या पुस्तकात आली, आगीला कुणी पुस्तकात जागा दिली नाही. पुढे मुंबईत आगीचं काम बरीच वर्षं पोलिसांच्या गळ्यात होतं: चोर पकडायचा, मोर्चा आवरायचा आणि मधूनच घोड्यांनी ओढलेला पंप घेऊन धावायचं. १ एप्रिल १८८७ रोजी स्वतंत्र मुंबई अग्निशमन दल सुरू झालं आणि १८८८ च्या महानगरपालिका कायद्याने आग विझवणं हे पालिकेचं कर्तव्य ठरलं. विसाव्या शतकात घोडे गेले, मोटारी आल्या.

बंदरातल्या या जन्माची एक खूण सेवेच्या भाषेत अजून टिकून आहे. पुण्यामुंबईकडच्या दलांत चार-सहा फायरमनांच्या पुढे असणाऱ्या अनुभवी माणसाला 'तांडेल' म्हणतात. तांडेल हा गलबतावरचा शब्द, खलाशांच्या म्होरक्याचा. शासनाच्या कागदावर मात्र फायरमनला 'अग्निशमन विमोचक' असं भारदस्त नाव आहे. आगीच्या ठिकाणी कुणी "विमोचक, इकडे या" अशी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. आगीची खबर आली की 'वर्दी आली' म्हणायचं, पाण्याची धार सोडणाऱ्या तोटीला 'ब्रांच' म्हणायचं आणि तोंडावर चढवायच्या श्वसनयंत्राला 'बी.ए. सेट'. नव्याने भरती झालेला पोरगा पहिल्या आठवड्यात ही बोली शिकतो, कायदा त्यानंतर.

ज्या दिवसाने देशभरातल्या अग्निशमन सेवेला तिचा स्मृतिदिन दिला तो १४ एप्रिल १९४४ चा. 'फोर्ट स्टिकीन' नावाचं मालवाहू जहाज फेब्रुवारीत इंग्लंडहून निघालं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि सोन्याच्या विटाही. कराचीला त्याच्यावर कापसाच्या ८,७०० गाठी चढवल्या गेल्या, शिवाय लाकूड, गंधक, तेलाची पिंपं आणि मासळीचं खत. १२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं. १४ तारखेला दुपारी कापूस ठेवलेल्या कप्प्यातून धूर दिसला. बंब आले, अग्निनौका आल्या, नऊशे टनांवर पाणी आत ओतलं गेलं. धुरापायी आगीचा उगम कुठे आहे हेच कळेना आणि ओतलेलं पाणी उकळू लागलं. चारला दहा मिनिटं कमी असताना जहाज सोडण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सिमल्याच्या वेधशाळेतल्या भूकंपमापकावर त्याची नोंद उमटली. मुंबईच्या दलाचे ६६ जवान गेले, ८० हून अधिक जखमी झाले. एकूण बळींचा सरकारी आकडा सातशेच्या वर होता, लोकांच्या तोंडी त्याहून खूप मोठा. आग आटोक्यात यायला तीन दिवस आणि गोदीतला मलबा हलवायला सात महिने लागले. उडालेल्या सोन्याच्या विटा कुणाच्या छपरातून घरात पडल्या ही गोष्ट मुंबईत अजून चवीने सांगतात. ६६ जणांची गोष्ट दर वर्षी १४ एप्रिलला दोन मिनिटं उभं राहून सांगितली जाते.

जालन्यातल्या माणसाला त्या जहाजाच्या यादीत एक ओळ नीट कळते: कापसाच्या गाठी. इसवी सन १९०० मध्ये मनमाडहून हैदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा रेल्वेमार्ग झाला आणि कुंडलिकेच्या काठचं हे जुनं व्यापारी गाव कापसाचं गाव बनलं. 'जालना सोने का पालना' ही म्हण गावाला मिरवायला होतीच. त्या सोन्यात पांढऱ्या सोन्याचा वाटा मोठा होता. जिनिंग-प्रेसिंगमध्ये ज्याने एक हंगाम काढला त्याला आग सांगावी लागत नाही. शेतातून आलेल्या कापसात एखादा खडा, खिळा, तारेचा तुकडा राहतो. यंत्राच्या पोलादावर तो घासला की ठिणगी पडते. ती ठिणगी कापसाबरोबर हवेच्या नळीतून पुढे जाते आणि ढिगाऱ्यात विसावते. कापूस एकदम भडकत नाही, आतून धुमसतो. पृष्ठभागावरून एक ज्योत सरकत जाते तेव्हा कुणाला तरी दिसतं.

गाठीची आग तर त्याहून दगाबाज. एका गाठीत १७० किलो रुई दाबलेली असते. बाहेरून पाणी मारलं की वरचा थर भिजतो, काळा पडतो, वाफ निघते, आणि बघणारा म्हणतो विझली. आत मात्र निखारा तसाच असतो. दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशीही, तीच गाठ पुन्हा पेटते. म्हणून गाठ फोडायची, पसरायची, उलथून पुन्हा भिजवायची. बंबाबरोबर आलेल्या तिघाचौघांनी हे होत नाही. हमाल, मुकादम, शेजारच्या जिनिंगमधले कामगार, सरकी भरायला आलेला टेम्पोवाला असे सगळे हुकांनी गाठी ओढतात. सेवेच्या दप्तरात या कामाला एकच शब्द आहे, 'कूलिंग'. ते करणाऱ्या वीस-पंचवीस माणसांची पाठ दोन दिवस वाकत नाही.

जालन्याने आग विझवणाऱ्याला आणखी दोन अवघड धडे दिले. एक बियाण्याचा. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि संकरित बियाण्याच्या धंद्यात जालन्याचं नाव झालं. बियाण्याच्या गोदामात आग लागली तर पाणी मारावं तरी पंचाईत, न मारावं तरी पंचाईत. जे आगीतून वाचतं ते पाण्याने जातं, कारण भिजलेलं बी पेरणीच्या कामाचं राहत नाही. अशा वेळी अनुभवी तांडेल आधी धार सोडत नाही. न पेटलेल्या थप्प्या ओढून काढायला माणसं लावतो, दोन थप्प्यांमध्ये वाट करून घेतो आणि मग मोजकं पाणी. इथेही हात लागतात ते आसपासच्या माणसांचेच.

दुसरा धडा पोलादाचा. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळवून त्याच्या कांड्या आणि पुढे सळया होतात. आग दिसली की पाणी मारायचं हे जे माणसाच्या हाडात बसलेलं असतं, तेच इथे जिवावर बेततं. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी सापडलं तर क्षणात त्याची वाफ होते, आकारमान सोळा-सतराशे पटींनी वाढतं आणि भट्टीतला रस उसळून बाहेर येतो. भंगारात एखादा बंद डबा, ओलसर नळीचा तुकडा गेला तरी तेच. ऑगस्ट २०२४ मध्ये जालन्याच्या वसाहतीतल्या एका पोलाद कारखान्यात भट्टीचा स्फोट होऊन वीसच्या आसपास कामगार होरपळले. अशा ठिकाणी पहिल्या मिनिटात योग्य तेच करणारा माणूस हा बहुतेक वेळा भट्टीवरचा सहकारीच असतो. तो वीज तोडतो, माणसं मागे ओढतो आणि पाण्याची नळी घेऊन धावणाऱ्या नवख्याला अडवतो. आग विझवण्याचं निम्मं शिक्षण काय करू नये याचं आहे, हे भट्टीवाल्याइतकं कुणाला कळत नाही.

आणि पाणी? बंबाची टाकी पाच-सहा हजार लिटरची. जोरात धार सुटली की काही मिनिटांत ती रिकामी होते, मग पुढची खेप. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे बंब कुठून भरायचा हा प्रश्न चेष्टेचा नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहराने टँकरवर दिवस काढले. निजामाच्या काळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव गाळाने भरला होता. तो गाळ नागरिकांनी पुढे होऊन, वर्गण्या गोळा करून उपसला. या गोष्टीला पाणीटंचाईच्या इतिहासात जागा मिळते, ती अग्निशमनाच्या इतिहासातही मिळायला हवी. तलावातून निघालेल्या गाळाच्या जागी साठलेलं पाणी शेवटी बंबातही जातं.

स्वयंसेवकाला सरकारी चौकटीत आणण्याचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात होमगार्ड संघटना सुरू झाली. दंगलींच्या त्या दिवसांत पोलिसांना मदतीला नागरिक हवे होते. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर ती देशभर एकसारखी उभी राहिली. ब्रीद 'निष्काम सेवा'. जालना जिल्ह्यात होमगार्ड लोकांना दिसतो तो राजूरच्या गणपतीला अंगारकीच्या गर्दीत दोर धरून उभा असलेला, अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या नवरात्रात पायऱ्यांवर, निवडणुकीत मतदान केंद्राच्या दारात. त्याच्या प्रशिक्षणात विमोचन आणि आग विझवणं हेही असतं, ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. बहुतेक होमगार्ड दिवसा दुसरं काहीतरी करतात. कुणी शेती, कुणी दुकानात हिशोब, कुणी रिक्षा. कामावर बोलावलं त्या दिवसाचा भत्ता मिळतो, बोलावलं नाही तर नाही. बंदोबस्ताला जायचं म्हणून गिरणीची पाळी सोडलेल्या माणसाला घरी काय ऐकावं लागत असेल याची कल्पना करता येते. १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्यातही स्वयंसेवक आहे, अलीकडच्या 'आपदा मित्र' योजनेतही आहे. कागदावर तो वारंवार जन्मतो. गावागावात दहा-वीस माणसांना दोर, शिडी, चार बादल्या, दोन श्वसनयंत्रं आणि वर्षातून दोनदा सराव एवढं जरी सलग दहा वर्षं मिळालं असतं, तरी आजवर खरेदी झालेल्या कित्येक गाड्यांपेक्षा ते जास्त उपयोगी पडलं असतं, असं या लेखकाचं मत आहे. गाडीचं उद्घाटन करता येतं, सरावाचं करता येत नाही, हीच खरी अडचण असावी.

समृद्धी महामार्गाने हाच प्रश्न नव्या वेगाने पुढे आणला. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. तो जालना जिल्ह्यातून जातो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेड राजाजवळ, नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली. बसमध्ये ३३ जण होते. २५ जण गेले, ८ वाचले. वाचले ते काच फोडून बाहेर पडलेले. दोन्ही बाजूंना कुंपण असलेल्या त्या रस्त्यावर रात्री दीड वाजता शेजारी कुठून येणार? खेड्यातल्या आगीत जो विळेवाला असतो, तो इथे रस्त्याच्या आखणीतच वगळला गेला होता.

कायद्याचंही थोडक्यात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा. त्यानुसार इमारतीतली आगीची व्यवस्था चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा द्यायचं असतं. किती ठिकाणी ते दिलं जातं आणि दिलेलं खरं असतं, हे प्रत्येक गावच्या फायरमनला नीट माहीत असतं. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली, तेव्हा राज्यभर तपासण्यांची धावपळ झाली. धावपळ ओसरायलाही फार दिवस लागले नाहीत.

सेवेच्या इतिहासात वर्षं आणि कलमं भराभर लिहिता येतात. अवघड जातं ते माणसांबद्दल लिहिणं, आणि त्यातही ९ मे २०१५ बद्दल. मुंबईच्या काळबादेवीत गोकुळ निवास ही जुनी, लाकडाचा सांगाडा असलेली इमारत पेटली. रहिवासी बाहेर काढले गेले. आग विझवणं चालू असताना इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तिथेच मृत्युमुखी पडले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर गंभीर भाजले आणि त्याच महिन्यात दोघांनीही प्राण सोडले. या दुर्घटनेतली एक गोष्ट सेवेतली माणसं पुन्हा पुन्हा बोलतात: मुंबईसारख्या अवाढव्य दलाचा प्रमुख आगीपासून लांब खुर्चीवर नव्हता, तो इमारतीशी होता. चौघेही संसारी. चार घरांत त्या शनिवारी संध्याकाळी कुणाची तरी वाट बघितली जात होती. बातम्यांत हुद्दे आले, शासकीय इतमाम आला. पुढचे महिने त्या घरांनी कसे काढले, हे बातमीचं काम नव्हतं.

फायरमनच्या घराला काही सवयी लागलेल्या असतात. दिवाळीत त्याची रजा नसते हे पोरांना चौथीपाचवीपर्यंत पाठ झालेलं असतं. सगळी आळी फटाके उडवत असते तेव्हा बाप ठाण्यात गणवेश चढवून बसलेला असतो, आणि आपल्याच आळीतल्या पोराचा रॉकेट कुणाच्या कडब्यात पडू नये अशी मनातल्या मनात विनवणी करत असतो. लक्ष्मीपूजन त्याच्या घरी दुपारीच उरकतात किंवा रात्री उशिरा. गणेश विसर्जनाला तो मोती तलावाच्या काठावर उभा. त्याच्या स्वतःच्या घरचा गणपती भाऊ घेऊन जातो. लग्नाच्या पंगतीत फोन वाजला की बायको त्याच्या ताटाकडे बघते, त्याच्याकडे नाही. उरलेला लाडू कागदात गुंडाळून खिशात घालायचं काम तिच्याकडे असतं. त्याच्या कपड्यांना येणारा धुराचा वास कितीही साबण लावला तरी पुरता जात नाही, आणि जळालेल्या प्लास्टिकचा आहे की कापसाचा, हे तिला आता दारातूनच कळतं. जळालेल्या माणसाचा वास आला की ती काही विचारत नाही. बंबात पाणी तापवायला ठेवते.

त्यालाही सवयी असतात. तो कुणाच्याही घरी गेला की आधी जिन्याकडे बघतो, मग सिलिंडर कुठे ठेवलाय ते बघतो. मंगल कार्यालयात दुसरं दार कुठे आहे, त्याला कुलूप आहे का, मंडपाचं कापड दिव्याच्या किती जवळ आहे, हे बघितल्याशिवाय अक्षता टाकत नाही. नातेवाईक हसतात. मुलीला शाळेत सोडायला गेल्यावर जिन्याखाली ठेवलेली जुनी बाकं आणि रद्दी हलवायला सांगतो. ती हलेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगतो आणि मुलीला लाज वाटते. नोकरीत नसलेल्या, नुसत्याच धावून जाणाऱ्या माणसाचं घरही असंच. फरक इतकाच की त्याला कुणी गणवेश दिलेला नसतो आणि भाजला तर रजाही नसते. दुसऱ्या दिवशी त्याच हाताने पेरणी, नांगरणी किंवा दुकानाचं शटर.

दर वर्षी १४ ते २० एप्रिल अग्निसेवा सप्ताह असतो. पहिल्या दिवशी सकाळी जालन्यातही जवान रांगेत उभे राहतात, १९४४ च्या त्या ६६ जणांसाठी आणि नंतर गेलेल्यांसाठी दोन मिनिटं शांत राहतात. मान्यवरांच्या छातीवर छोटे झेंडे टाचले जातात, शाळेच्या पोरांना सिलिंडरची आग ओल्या कापडाने कशी दाबायची ते दाखवलं जातं, एखादा धीट पोरगा स्वतः करून बघतो. १४ एप्रिल ही बाबासाहेबांची जयंतीही. त्यामुळे सकाळची शांतता संपली की तेच जवान संध्याकाळच्या तयारीला लागतात. मिरवणुका निघतात, विजेच्या तारांखालून उंच देखावे सरकतात, ट्रॅक्टरवर जनरेटर धडधडत असतात. बंब मिरवणुकीच्या मार्गाच्या एका वळणावर उभा असतो. मिरवणुकीतली माणसं चालकाला पाण्याची बाटली देतात, कुणी जिलेबीचा पुडा देतो. रात्री उशिरा शेवटचा देखावा पुढे गेला की गाडी ठाण्याकडे वळते. त्या उन्हाळी रात्रीत टाकीतलं थोडं पाणी कुठल्या तरी किरकोळ वर्दीत खर्च झालेलं असतं, म्हणून ती आधी पाणी भरायच्या जागी जाते. चालक पाइप जोडतो, खाली उतरतो आणि घरी फोन लावतो. लेकरं झोपली का, एवढंच विचारतो.